वहीतले तीन चहा

बाबा,

ओट्यावरचे तीन कप धुऊ नका, आईलाही धुऊ देऊ नका. मघाशी फिरायला जाण्याआधी तुम्ही कपांमागच्या तीन डब्यांवरची नावं वाचत, एकेक चाखून सांगितलंत, पहिल्याला धुराचा वास आहे, त्याच्यासोबत खायला चॉकलेट. दुसरा फुलांसारखा, त्याला लिंबाचा केक. तिसरा कडक, त्याला खजूर. मला मेले तिन्ही सारखेच लागत होते. आपलीच जीभ बिघडली असं समजून मी मुकाट्याने सगळं वहीत उतरवलं.

आता डबे आवरताना बघते तर दोन डब्यांचं सीलही फोडलेलं नाही. घाईत मी तिन्ही कपांत एकच चहा ओतला होता.

डोक्याचा पार भुगा झालाय. तुम्ही माझी फिरकी घेत होता का? तीस वर्षं चहा चाखायची नोकरी केलेल्या माणसाला हे विचारायचं तरी कसं? आज तुमच्यासारख्याच नोकरीसाठी कंपनीत माझी चहा चाखायची चाचणी आहे. तिथे जिभेचं ऐकू की वहीचं, काही कळेना.

तुम्ही एकदा पुन्हा चाखून बघा. एकटेच असताना.

संध्याकाळी पाचला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आईला सांगा, मला सर्दी झालीय आणि तुम्ही नुसते सोबतीला येताय.