न्हाणीतलं काँक्रीट

३ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नियोजन कार्यालयाचे साहेब काल तपासणी करून गेले. शेतजमिनीवर आमच्या घराला पाच वर्षांपुरती परवानगी मिळाली ती अटीवर: घर माती-लाकडाचं हवं, घरातल्यांचं पोट ह्याच जमिनीवर भरायला हवं, उद्या घर उचललं तर जमीन जशीच्या तशी राहायला हवी, सिमेंट अजिबात नको. हे पाचवं वर्ष. पास झालो तर घर कायमचं, नाहीतर साठ दिवसांत पाडायचं.

भाजीच्या उत्पन्नाची वही, पाण्याची टाकी, सगळं बघून साहेब खूश होते. मग न्हाणीत त्यांनी सळई टोचली, ती ठणकन उडाली. बोटभर मातीखाली काँक्रीट! इथे सिमेंट नाही, असं मी दरवर्षी सही करून देते. आता मी खोटारडी ठरले. हे कालपासून जेवलेले नाहीत.

ह्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला गेलो तेव्हा चार दिवस इथे बाबांजवळ तूच होतास. दादा, हे तुझं काम नाही, असं उलटटपाली कळव.

माया आहे तशीच ठेव.
तुझी,
छोटी

९ जानेवारी

चि. छोटीस,
अ. उ. आशीर्वाद.

माझंच काम. बाबा तिथे दोनदा घसरले होते. तुला कळलं तर तू त्यांना एकटं न्हाणीत जाऊ देणार नाहीस, म्हणून त्यांनी मला शपथ घातली. तीस वर्षं स्लॅब टाकणारा माणूस मी, मला घट्ट म्हणजे सिमेंटच सुचतं. दोन गोण्या डिकीतून आणल्या आणि वर माती इतकी सफाईने लिंपली की स्वतःवरच खूश झालो. सरकारी माणूस कागद बघतो, जमीन टोचत नाही, हा माझा आजवरचा अनुभव. तो नेमका तुझ्या दारात खोटा ठरावा!

सोबत लेखी कबुली जोडली आहे, साहेबांना दाखव. मला हवं तेवढं बोल, पण बोलणं टाकू नकोस.

तुझा,
दादा

१७ जानेवारी

ती. दादास,
सा. न.

कबुली वाचून साहेब म्हणाले, काँक्रीट कोणी ओतलं हे नियम विचारत नाही, आहे का एवढंच विचारतो. तरी माणूस बरा. महिनाअखेरीपर्यंत सगळं खणून काढलं तर फेरतपासणी करतील.

खरी पंचाईत पुढेच आहे. हे ऐकल्यावर बाबांनी बॅग भरली. माझ्यामुळे पोरीचं घर जायला नको, मला थोरल्याकडे, म्हणजे तुझ्याकडे, पोचवा, एवढंच बोलतात. मी रडले, भांडले, काही उपयोग नाही. तू घातलेला घोळ तूच निस्तर. पहार घेऊन ये, आणि जाताना त्यांना ने. राग अजून गेलेला नाही. तरी वहिनीला नमस्कार सांग, आणि येताना जुने कपडे आण.

छोटी

५ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

फेरतपासणीत पास! तू खणलेल्या जागी आता वाळूवर खडबडीत दगडी फरशा आहेत, भिंतीला लाकडी कठडा. ह्यांनी साबणाचं पाणी ओतून त्यावर नाचून दाखवलं, साहेबसुद्धा हसले.

आता कायमच्या परवानगीचा अर्ज. त्यात घरात माणसं किती, असा रकाना आहे. तेवढ्यांचंच पोट ह्या जमिनीवर भरायचं. नंतर आकडा वाढवायचा तर पुन्हा सगळी तपासणी. तीन लिहू की दोन? बाबांना विचार. वीस तारखेला अर्ज द्यायचाय.

वाट बघते.
छोटी

१२ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अ. उ. आशीर्वाद.

बाबा म्हणाले, दोन लिही. इथे लिफ्ट आहे, टीव्ही आहे, मी मजेत आहे असं कळव, बाकी काही लिहू नकोस.

ते मजेत नाहीत. सकाळपासून गॅलरीत उभे असतात. नातवंडांशी दोन शब्द बोलत नाहीत. काल वाफ्यांना पाणी कोण घालत असेल, असं मला तीनदा विचारलं.

एकदा त्यांचं ऐकून तुझ्यापासून लपवलं, त्याचं काय झालं ते आपण बघितलं. ह्या वेळी ऐकणार नाही. तू तीन लिही. रविवारी मी त्यांना घेऊन येतोय. अर्ध्या वाटेत सांगेन. चिडतील, गाडी थांबव म्हणतील. थांबवणार नाही.

तुझा,
दादा