गुळवेलीचं पहिलं पाणी

आये,

या दोन हातांनी मी काय काय केलं ते आधी ऐक. राईचा दाणा टाकला तरी झुकेल असा पितळी तराजू केला. पाणी निवळायला जस्ताचा टप केला, काठाला चोच असलेला, म्हणजे वरचं पाणी ओतताना खालचा साका हलत नाही. सत्त्व वाळताना धूळ-माशी लागू नये म्हणून काचेच्या झाकणाची सागाची पेटी केली, तिच्या सांध्यात एकही खिळा नाही. कल्याणच्या या खोलीतली मांडणी, दाराची कडी, बायकोचा पाट, सगळं माझ्या हातचं. शाळा चौथीत सुटली. इंग्रजी शिकलो ते जुन्या बाजारातून आणलेली रसायनशास्त्राची पुस्तकं, कोश मांडीवर घेऊन, कारखान्यातून आल्यावर वाचता वाचता. आणि गुळवेलीचं सत्त्व केलं, तुझ्यापेक्षा पांढरं. हे शेवटचं सांगताना अजून मान जरा ताठ होते, आणि लगेच पाठीमागे तू येऊन उभी आहेस असं वाटतं. वळून बघत नाही.

कोपरीचं आपलं स्वयंपाकघर. दुपारची वेळ, बाबा मिठागरावर गेलेले. तू पाय पसरून बसली आहेस, पुढ्यात अंगठ्याएवढ्या जाड वेलीचे तुकडे. वरची पापुद्र्यासारखी साल नखानं काढतेस, तुकडे ठेचतेस, पातेल्यात भिजत घालतेस. दुसऱ्या दिवशी कुस्करून फडक्यातून गाळायचं, मग खाली साका बसतो आणि वर हिरवट पाणी राहतं. ते ओतायचं, नवं घालायचं, पुन्हा निवळू द्यायचं. दर वेळी ओतण्याआधी तू बोट बुडवून जिभेला लावतेस आणि कुठल्याशा पाण्याला एकदम थांबतेस. मी तेव्हा मिसरूड फुटलेला, नुकता कारखान्यात लागलेला. म्हणतो, "आये, अजून एकदा धू ना. मळकट दिसतंय."

"मला काय नवऱ्यामुलाचं धोतर धुवायचंय? कडू सगलं गेलं तं राहिलं काय, भाताची पेज?"

"पण थांबायचं कधी, ते कशावरून ठरवतेस?"

"जीभ सांगते."

"म्हणजे किती कडू?"

"ये, हे पानी चाख. मंग कलंल."

मी चाखलं नाही. मापाशिवाय बोलणाऱ्यांचं मला तेव्हापासूनच हसू यायचं.

त्या वर्षी खाडीकडच्या सगळ्या आळीत हिवताप शिरला. धाकटी बहीण आणि बाबा दोघंही पडले. धाकटी उठली, बाबा गेले. पुढे कुणाच्याही घरी ताप आला की तू सत्त्वाची पुडी घेऊन जायचीस आणि सांगायचीस, "माझी पोर यानं उठली." बाबांचं कुणी काढलं तर म्हणायचीस, "त्यांनी उशिरा घेतलं." आये, त्यांनी उशिरा घेतलं नव्हतं. दोघांनाही तू एकाच सकाळी, एकाच वाटीतून चाटवलंस. मी दारात उभा होतो. तुला हे कधी बोललो नाही. त्या वाक्याला धरून तू उभी आहेस हे दिसत होतं. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी तू गेलीस, तेव्हाही ते वाक्य तुझ्याबरोबरच गेलं.

नंतर मी कल्याणला आलो. खडवलीचा एक म्हातारा वेल आणून द्यायचा, मी सुट्टीच्या दिवशी सत्त्व काढायचो. सगळ्या पुस्तकांत लिहिलंय, पदार्थ शुद्ध करायचा तर धुवा, पुन्हा धुवा. मी पाणी बेचव होईपर्यंत धुवायचो. सत्त्व निघायचं ते चांदण्यासारखं. लोक वाखाणायचे. स्वराज्य आल्यावर थोड्याच दिवसांत एक पुडी घेऊन मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण माणूस, नुकताच दवाखाना टाकलेला. त्यांनी चिमूट बोटांत चोळली. म्हणाले, "मिस्त्री, काम सुरेख आहे. पण यानं गुण येतो हे कशावरून?"

मी लोकांची नावं सांगायला लागलो. ते हसले. "बरे झालेले तुमच्याकडे पेढे घेऊन येतात. बरे न झालेले कुठे येतात? आणि हिवताप कोयनेलच्या गोळ्यांनी उतरला, की आपोआप उतरला, की तुमच्या पुडीनं, हे त्या पेढ्यांवरून कसं कळणार?"

माझ्या डोळ्यांपुढे ती वाटी आली. मग त्यांनीच रीत सांगितली. तापातून उठलेल्या अशक्त माणसांना कोयनेल सगळ्यांनाच चालू ठेवायचं. वर निम्म्यांना सत्त्व, निम्म्यांना तसंच दिसणारं दुसरं काहीतरी. कुणाला काय दिलं ते घेणाऱ्याला ठाऊक नको आणि देणाऱ्यालाही नको. "तुम्हाला तर मुळीच नको," ते म्हणाले. "तुमच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं."

मला ते एवढं पटलं की त्याच आठवड्यात कामाला लागलो. लोकांना सांगूनच केलं, काही पुड्या सत्त्वाच्या, काही आरारूटच्या, कुठली कुणाला ते मलाही माहीत नाही. पुड्या बायकोनं बांधल्या, काहींना काळा दोरा, काहींना लाल, आणि कुठला कशाचा ते तिनं पोटात ठेवलं. दर आठवड्याला मी सगळ्यांना बाजारात धान्याच्या मोठ्या काट्यावर नेऊन वजन करायचो. हमाल ओरडायचे, "आली मिस्त्रीची गोणी!" शेजारची काकू काट्यावर चढताना म्हणायची, "जास्त भरले तर कांद्याच्या भावानं विकू नका हो मला." भूक किती, झोप कशी, जिना चढताना धाप लागते का, सगळं विचारायचो. पुड्या संपल्या तेव्हा मी हिशेब केला. दोन्ही दोऱ्यांची माणसं सारखीच सुधारली होती. काळा दोरा किंचित पुढे होता. मी बायकोला म्हटलं, "काळा म्हणजे सत्त्व ना?"

ती भाकरी थापत होती. थापायची थांबली. "नका विचारू," म्हणाली.

"सांग."

"आरारूट."

डॉक्टरांनी समजूत घातली. म्हणाले, "एवढ्या थोड्या माणसांवरून सत्त्व निरुपयोगी आहे असंही सिद्ध होत नाही. गुण दिसला नाही, एवढंच म्हणता येतं." हे वाक्य अगदी बरोबर आहे, आणि आये, त्यावर झोप लागत नाही. कारण बाहेर पडताना मला तुझं पातेलं आठवलं. मी तपासलं ते माझं सत्त्व, बेचव होईपर्यंत धुतलेलं. तुझं तपासलंच नाही. कडूपणात गुण असेल तर तो मी माझ्या हातानं, माझ्या चोचीच्या टपातून मोरीत ओतत होतो. कडूपणात काहीच नसेल तर तू आयुष्यभर आळीभर पेज वाटलीस. दोन्हीपैकी काय, ते कळायला तुझ्यासारखं सत्त्व करायला हवं, आणि ते मला येत नाही. दुसऱ्या पाण्याला थांबून पाहिलं, तिसऱ्याला थांबून पाहिलं. बायकोला म्हटलं, तू चाखून सांग. ती म्हणाली, "अहो, ही जीभ माझी आहे. सासूबाईंची कुठून आणू? मी तर त्यांना पाहिलंसुद्धा नाही."

तेव्हापासून तू घरात आहेस. ठेचल्याचा आवाज येतो, जाऊन बघावं तर बत्ता जागेवर आणि कोरडा. ओल्या सालीचा वास येतो, घरात वेल नसताना. एकदा मी पहिलं पाणी ओतून न देता वाटीत काढून खिडकीत ठेवलं. शेजारी तशीच दुसरी वाटी, साध्या पाण्याची, उन्हानं किती आटतं ते कळावं म्हणून. दोन्हींना आतून पेन्सिलीची खूण केली. संध्याकाळी आलो तर साधं पाणी खुणेच्या जरासं खाली, आणि कडू पाणी चांगलं बोटभर उतरलेलं. बायको म्हणाली, "मांजर असेल." मांजर गोडं पाणी सोडून कडू पिईल? मी वाट्या धुऊन ठेवल्या. एकदाच दिसलेल्या गोष्टीला पुरावा म्हणत नाहीत हे मी आता दुसऱ्यांना शिकवतो. पुन्हा करून बघायला हवं होतं. वाट्या आहेत, खिडकी आहे, पेन्सिल आहे. पुन्हा मात्र मी केलेलं नाही, आणि करणारही नाही. दोन्ही वाट्या सारख्या उतरल्या तर मग काय करू?

आता सरकारी माणसं घरोघर फवारे मारून जातात, हिवताप कमी झाला, पुडी मागायला फारसं कुणी येत नाही. हा कागद वाळवणाच्या पेटीतच राहील. तुला अक्षरओळख नव्हती, आणि वाचून दाखवायला तिकडे कोण आहे ते मला ठाऊक नाही. पण एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची राहिली. गेल्या महिन्यात बाजारपेठेतला एक औषधी विकणारा व्यापारी घरी आला. त्याला डबे काढायचे होते, डब्यावर तुझं नाव, आत आरारूट. "मिस्त्री, फरक कोण सांगणार आहे?" म्हणाला. त्याच्या बाजूचा सगळा पुरावा मीच गोळा करून ठेवला होता. मग त्यानं तुझा फोटो मागितला. नाही म्हटल्यावर म्हणाला, "हरकत नाही, कुठली तरी म्हातारी छापू, कुंकू जरा मोठं लावू." माझ्याजवळ एकही कारण नव्हतं. मी नुसतं नाही म्हणालो आणि माझ्या हातानं केलेली कडी काढून दार उघडलं. तुझ्या नावाचे तो तीन हजार रुपये देत होता, रोख.