साखरपुड्यात आलेली चक्कर

चाकूर, ता. ६ एप्रिल १९८६

चि. शिवगंगेस माणिकप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू नांदेडच्या दवाखान्यात वीस वर्षं नर्स आहेस, म्हणून तुझ्या वैनीला, पार्वतम्मालाही न सांगितलेलं तुला लिहितो. मला माझ्या देहाची किळस आली आहे. लघवीला घाईनं पळावं तर धार सुटत नाही. धोतर सावरून बाहेर यावं तर थेंब गळतात. दिवसभर माझाच वास मला येतो. विहीर आटली, टँकर चार दिवसांनी येतो. धुवायचं कशानं? म्हणून पाणी पिणंच कमी केलं.

गेल्या सोमवारी टँकरचा अर्ज घेऊन लातूरच्या कलेक्टर कचेरीत गेलो. नवा जिल्हा, पाट्या करकरीत, पण मुतारीत पाण्याचा टिपूस नाही. घाणीत वहाणा बुडवून, नाक दाबून उभा राहिलो. धार येईना, अन् बाहेर शिपाई दार वाजवून राहिला. तिथून थेट सर्जनकडं गेलो. त्यानं हातमोजा चढवून नको तिथं बोट घातलं. बासष्ट वर्षांच्या रिटायर हेडमास्तरची ही गत. प्रोस्टेटची गाठ वाढली आहे म्हणाला अन् रोज अर्धी घ्या म्हणून गोळ्या लिहून दिल्या. औषधवाला म्हणतो, या ब्लडप्रेशरच्या आहेत. मला ब्लडप्रेशर नाही. गोळ्या तशाच खिशात आहेत. पुढच्या महिन्यात रुद्राणीचा साखरपुडा. मुलीच्या बापानं पाहुण्यांत कसं उभं राहावं, तूच सांग.

उत्तराची वाट पाहणारा,
माणिकप्पा


नांदेड, ता. ११ एप्रिल १९८६

ती. अण्णांस शिवगंगेचा शि. सा. न. वि. वि.

औषधवाला खोटं बोलला नाही अन् डॉक्टरही चुकला नाही. ती गोळी रक्तदाबाचीच, पण लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी आवळून बसलेले स्नायूही ती सैल करते. गाठ जाणार नाही, धार मोकळी होईल. मात्र तिनं रक्तदाब उतरतो, पहिल्या वेळी तर एकदम. आमच्याकडं एक गृहस्थ पहिली गोळी घेऊन चालत निघाले अन् जिन्यात कोसळले.

म्हणून डॉक्टरनं सांगितलेली अर्धीच घ्या, अंथरुणावर पडताना. उशाशी भांडं ठेवा. उठताना आधी बसा, पाय खाली सोडा, जरा थांबा, मग उभे राहा. दुसरी कुठली गोळी चालू असेल तर डॉक्टरला सांगा. सर्दीची तर विचारल्याशिवाय घेऊच नका, तिनं लघवी अडते. चार दिवस खंड पडला तर पहिल्यासारखी पूर्ण गोळी घ्यायची नाही, डॉक्टरला विचारून पुन्हा अर्ध्यापासून. लघवी पुरती बंद झाली तर तडक दवाखाना गाठा. अन् पाणी प्या. बोटाचं म्हणाल तर पोरांची नखं तपासताना तुम्ही काय काय पाहिलं, ते आठवा.

वैनींना सांगून टाका, एवढं माझं ऐका.

तुमची,
शिवगंगा


चाकूर, ता. १६ मे १९८६

चि. शिवगंगेस आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र लिहिताना माझं मलाच तोंड दाखवू नये असं वाटतं. तू लिहिलंस तसं केलं अन् धार मोकळी झाली. पंधरा दिवसांनी डॉक्टरनं अर्ध्याची एक केली. बरं वाटलं, तशी मीच बंद केली. आठ दिवसांत पुन्हा तेच. साखरपुड्याच्या सकाळी भीती वाटली, पाहुण्यांत पळापळ नको, म्हणून उपाशीपोटी दोन गोळ्या एकदम घेतल्या. तुझी खंडाची ओळ वाचलेली होती. ती दुसऱ्यांसाठी आहे असं वाटलं.

व्याही नरसिंगअप्पांना फेटा बांधायला उठलो अन् डोळ्यांपुढं अंधार आला. शुद्धीवर आलो तो कपाळ फुटलेलं, धोतर ओलं, अन् सगळ्या बायाबापड्या बघून राहिलेल्या. पार्वतम्मानं पाहुण्यांसाठी राखलेल्या पिण्याच्या पाण्यानं मला पुसलं. तेवढ्यात नरसिंगअप्पांच्या भावानं विचारलं, मास्तर, सकाळीच घेतली का? शिवगंगे, आजारपणाचं नाव सांगण्यापेक्षा मी मान हलवली. उभ्या जन्मात थेंब न घेतलेल्या माणसानं दारुडा म्हणवून घेतलं. साखरपुडा अर्ध्यात राहिला. रुद्राणी माझ्याशी बोलत नाही. काय करू?

माणिकप्पा


नांदेड, ता. २० मे १९८६

ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

मला गळणाऱ्या लघवीची किळस येत नाही, रोज पाहते. तुमच्या त्या हललेल्या मानेची आली. लेकीचं लग्न मोडलं तरी चालेल, पण प्रोस्टेट म्हणायचं नाही! आधी डॉक्टरला कपाळ दाखवा अन् किती गोळ्या घेतल्या ते खरं सांगा. तिथून सरळ नरसिंगअप्पांकडं जा. वैनींना सोबत न्या.

रागावलेली, तरी तुमचीच,
शिवगंगा


चाकूर, ता. २ जून १९८६

चि. शिवगंगेस आशीर्वाद. वि. वि.

कपाळाचे टाके निघाले. डॉक्टर लई बोलला अन् अर्ध्या गोळीपासून पुन्हा सुरू केलं. रविवारी उदगीरला गेलो. नरसिंगअप्पांच्या बैठकीत पार्वतम्मासमोर, त्यांच्या भावासमोर सगळं सांगितलं. घाण, थेंब, दोन गोळ्या, खोटी मान, काही ठेवलं नाही. मग नरसिंगअप्पा मला परसात घेऊन गेले. हलक्या आवाजात म्हणाले की तीन वर्षांपासून त्यांचंही हेच आहे. लाजेनं लग्नकार्याला जाणं सोडलं. अन् त्यांनी हात पुढं केला, तुमच्याजवळच्या चार गोळ्या द्या म्हणून.

गोळ्या माझ्या खिशात होत्या. सोयरीक त्या हातात होती, असंच म्हण. मी विचारलं, दुसरं काही औषध चालू आहे का? तर ब्लडप्रेशरची गोळी रोजची. मी गोळ्या दिल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, अप्पा, माझा अपमान झाला तो झाला, तुम्हाला अंगणात पडलेलं मला बघायचं नाही. उद्या सकाळच्या गाडीनं लातूरला चला, मी सोबत येतो.

आले. डॉक्टरनं त्यांचा रक्तदाब आडवं निजवून मोजला, उभं करून मोजला, आधीचं औषध बदललं, मग पाव मात्रा लिहून दिली. बाहेर येऊन त्यांनी बाकावर बसूनच साखरपुड्याची नवी तारीख काढली, आषाढातली नको म्हणून याच महिन्यातली. रुद्राणीला सांगितलं तर तिनं मला प्यायला तांब्याभर पाणी आणून दिलं.

माणिकप्पा