बशीत ठेवायचे पैसे

बाबा,

आज दुपारी अमेरिकेहून रजिस्टरनं पाकीट आलं. आत एक रंगीत फोटो, जहाजाच्या बिलाची नक्कल, टिप कोणाला किती द्यायची याचा छापील कागद आणि तुमच्या नातीचं दोन पानी पत्र. पाकिटावर चार डॉलरची तिकिटं, म्हणजे डॉलरचे बारा धरले तर अठ्ठेचाळीस रुपये. तेवढ्यात आमचं पंधरा दिवसांचं खायचं फल्लीतेल येतं. पोस्टमन दारातून हलेना. "फॉरेनचं पाकीट हाय बाई, चायपानी तं बनते." मी चहा दिला, बागेतली चार संत्री दिली. तो म्हणाला, संत्री त्याच्याही घरी आहेत. मग एक रुपया दिला. तोही आजच्या खर्चात लिहिला आहे.

पत्राच्या शेवटी तिनं विचारलं आहे, "आई, आजोबा रेल्वेत नेमके कोण होते? यांनी विचारलं तर मला सांगता आलं नाही. लगेच कळव." तिला उत्तर द्यायचं आहे, आणि खरं द्यायचं की आजवर देत आले तेच, हे मला ठरवता येत नाही. म्हणून आधी तुम्हाला लिहायला बसले. आंतरदेशीय पत्र वाया घालवलं नाही, हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावरच लिहिते आहे.

तुम्ही रेल्वेत नव्हता. पांढुर्ण्याच्या फलाटावर कंत्राटदाराचा चहाचा ठेला होता आणि तुम्ही त्याच्यावर चहा विकायचे. सोयरीक झाली तेव्हा सौंसरला, सासरच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी नाक मुरडलं नाही. पण तुम्ही गेल्यावर, माझी मुलं कळती व्हायला लागली तेव्हा सासूबाई एकदा म्हणाल्या, "लेकरांसमोर ठेल्याबिल्याचं काढू नको. रेल्वेत होते म्हनत जा." मी म्हणत गेले. फार खोटंही वाटलं नाही, गाड्यांच्याच जिवावर आपलं घर चाललं होतं. पंचवीस वर्षं म्हटल्यावर तर ते खरंच वाटायला लागलं. त्या जहाजावर गेले नसते तर आजही वाटलं असतं.

जहाजाचं असं झालं. लेकीकडे चार महिन्यांसाठी गेले होते. जावई तिथं डॉक्टर आहेत. त्यांच्या लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून त्यांनी आठवडाभराचं जहाज ठरवलं, आणि मला घरी एकटी कशी ठेवायची म्हणून माझंही तिकीट काढलं. मी नको म्हटलं. हे इथं बागेच्या राखणीला अडकलेले आणि मी समुद्रात हिंडायचं, बरं दिसतं का? पण जावई म्हणाले, "आई, पैसे परत मिळत नाहीत," तेव्हा गेले. भरलेले पैसे बुडवणं माझ्याच्यानं होत नाही.

मला वेगळी खोली होती, आपल्या देवघराच्या दुप्पट असेल. पहाटे चारला उठायची सवय. आंघोळ, मग काचेच्या फळीवर जामसांवलीच्या मारुतीचा फोटो ठेवून जप. उदबत्तीला बंदी होती. जप झाला की पलंग आवरायचा, चादर झटकून पांघरुणाची चौघडी पायथ्याशी, न्हाणीघर घासून कोरडं करायचं, टॉवेल धुऊन माझ्या जवळच्या दोरीवर वाळत घालायचा. मग साडेआठला त्या खोलीचं काम करणारा माणूस यायचा. चाळिशीचा, कानाशी पांढरे झालेले केस, गोव्याकडचा. मराठी कळायची, बोलताना थोडी कोकणी मिसळायची. पहिल्या दिवशी दारातच थांबला आणि हसला. "माई, हें कोणी केलं?" मी म्हटलं, "मी. माझ्या हातापायाला काय झालं?" दुसऱ्या दिवशी म्हणाला, "माई, माका काय ठेवलं मग? खिडकी पुसूं? तीही पुसली?" मला वाटलं, मुलखातल्या माणसाचे कष्ट वाचवले, पुण्यच झालं.

बाबा, खरं लिहिते, नुसतं पुण्य नव्हतं मनात. लेकीनं सांगितलं होतं की शेवटच्या संध्याकाळी लिफाफ्यात घालून टिप द्यायची, माणशी दिवसाला अडीच डॉलर खोलीवाल्याला, तेवढेच जेवण वाढणाऱ्याला, त्याच्या मदतनिसाला त्याच्या निम्मे. अडीच डॉलर म्हणजे तीस रुपये! मी जावयांना सांगून टाकलं, "माझ्या खोलीचा लिफाफा करू नका. मी त्याच्याकडून काम करून घेतलेलंच नाही." एवढंच कशाला, एकदा खालच्या मजल्यावर चहा मागवला तर बिलात चहाच्या पैशाखाली सेवेचे म्हणून वेगळे पैसे छापलेले. मी त्या काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, कप मी स्वतः परत आणला आहे, तेवढे कापा. लेक माझा हात धरून मला बाहेर घेऊन गेली. "आई, तू भाजीबाजारात नाहीस," म्हणाली. मी म्हटलं, "बाजारात तरी विचारता येतं."

पाचव्या दिवशी तो माणूस आला तो हसला नाही. दार उघडं ठेवून उभा राहिला. म्हणाला, "माई, एक सांगूं? राग नका मानू. वरचा साहेब काल खोल्या बघून गेला. ह्या खोलीचा पलंग आमच्या रीतीचा नाही, दोरी बांधलेली, टॉवेल तोच. त्यानं लिहिलं, चार दिवस खोली केली नाही म्हणून. असे तीन शेरे झाले तर सुटीवर गेल्यावर परत बोलावत नाहीत. दोन माझे आधीचे आहेत." मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं नाही, बाई स्वतः करते म्हणून?" तो म्हणाला, "सांगितलं. साहेब म्हणाला, कोणतं गिऱ्हाईक पैसे भरून स्वतः न्हाणीघर घासतं?" मग हळू म्हणाला, "पगार नावापुरता असतो, माई. घर चालतं तें शेवटच्या लिफाफ्यावर."

मी पलंगावर बसले, बाबा, आणि मला तुमचा आवाज ऐकू आला. मी अकरा वर्षांची आहे. शाळा सुटली की ठेल्यावर येते. कप विसळणाऱ्या काकूचे हात सोड्यानं फाटले आहेत, भेगांतून रक्त येतं. मी तिला बाजूला बसवते आणि चार दिवस सगळ्या कपबशा मीच धुते. ती मला आशीर्वाद देते, मी खूश. पाचव्या दिवशी कंत्राटदार पाहतो आणि तिला म्हणतो, पोरगी फुकट धुते तर तुझी रोजी कशाला, सोमवारपासून येऊ नको. तुम्ही गाडीवरून परत येता, हातात रिकामा ट्रे. माझ्याकडे पाहून म्हणता, "काऊन वं पोरी, तिचं काम तू काऊन करून राहिली?" मी म्हणते, तिचे हात दुखतात. "तुले वाटते पुण्य करून राहिली. तिच्या ताटातली भाकर उचलली तू. तिले मलम आनून द्याचं होतं, नाही तं गरम पानी. काम कायले घेतलं तिचं?" मग माझा हात धरून कंत्राटदारासमोर उभं केलंत आणि त्याला म्हणालात, "शेठ, बाई नाही तं मीही नाही. हा घ्या ट्रे." त्या वेळी आपल्या घरात तुमच्याशिवाय कमावणारं कोणी नव्हतं. मी ट्रेकडे पाहत होते, ठेवतात की काय म्हणून. कंत्राटदारानं काकूला ठेवून घेतलं. तुम्ही मला तिच्या घरी नेऊन माफी मागायला लावली. ती म्हणाली, "जाऊ द्या भाऊ, लेकरू हाय." तुम्ही म्हणालात, "लेकरू हाय म्हनूनच."

हे सगळं माहीत असून मी तेच केलं, आणि या वेळी लेकरू नव्हते.

जावई कुठंतरी खेळ पाहायला गेले होते. मी लेकीला घेतलं आणि त्या साहेबाकडे गेले. उंच, गोरा, हातात पाटीला लावलेले कागद. लेक बोलायला लागली तर मी तिला थांबवलं, मॅट्रिकच्या इंग्रजीत म्हटलं, पलंग मी केला, चूक माझी, माणूस चांगला. साहेब म्हणाला, लिहून द्याल? त्यानं कागद दिला. तिथंच उभ्यानं अर्धा तास लिहिलं. सात वर्षांची होते तेव्हापासून मी पलंग आवरते, ही माझी सवय आहे, या माणसानं रोज दारात येऊन काम मागितलं, मी दिलं नाही. खाली पूर्ण सही केली. साहेबानं वाचलं, एकदा हसला, आणि पाटीवरच्या कागदावर काहीतरी खोडलं. मग विचारलं, "आणि उद्या?" मी म्हटलं, उद्या तो करील.

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीवर हात बांधून बसले. मला बसवत नव्हतं. पण त्याचं काम पाहिलं आणि मग नजर हलेना. चादर हवेत उडवायचा ती बरोबर मध्यरेषेवर उतरायची, चारी कोपरे तीन घड्यांत बसायचे, एकही सुरकुती नाही, आणि जहाज तर डुलत असायचं. इतकी वर्षं मी पलंग आवरला, असा कधी आवरला नाही. तुम्ही गाडी हलायला लागली तरी आठ कप घेऊन डब्यातून उतरायचे, एक थेंब बशीत सांडत नसे, ते मला दिसत होतं. मी त्याला विचारलं, "घरी सांगता का, इथं काय काम करता ते?" तो उशी बसवत म्हणाला, "सांगतों तर. पोरं विचारतात पप्पा काय करतो, मी सांगतों, लोकांचे पलंग करतो, आणि माझ्यासारखे ह्या बोटीवर कोणी करत नाही."

लिफाफा मीच केला. सात दिवसांचे साडेसतरा डॉलर होतात, मी वीस घातले. लेकीनं मला साडीसाठी दिलेले होते त्यातून. हातात दिला नाही. तुम्ही कोणाकडून कधी हातात घेतलं नाही. उतारूनं आणा दोन आणे पुढे केले तर म्हणायचे, "बशीत ठेवा साहेब." मला सांगितलं होतं, हातात घेतलं की मागितल्यासारखं होतं, बशीत ठेवलं की कामाचं होतं. ते पैसे डब्यात जायचे आणि दर शनिवारी त्याचे तीन सारखे वाटे, एक तुमचा, एक शेगडीवाल्याचा, एक काकूचा. गाडीत चढायचे तुम्ही एकटे, वाटे मात्र तीन. माझ्या मॅट्रिकच्या फॉर्मचे पैसे तुमच्या वाट्यातून गेले. जहाजाचा छापील कागद वाचला तेव्हा वाटलं, तुम्ही हे कोणी न सांगता करत होता, इथं त्याला छापखाना लागला. मी चहा मागवला, प्यायले, आणि रिकाम्या बशीत लिफाफा ठेवला. त्याच्या लगेच लक्षात आलं. "माई, ही रीत कोणी शिकवली?" मी म्हटलं, "वडिलांनी." "काय करायचे?"

लेक शेजारी उभी होती. मी म्हटलं, "रेल्वेत होते."

ज्यानं स्वतःच्या पोरांना खरं सांगितलं त्याच्या तोंडावर. तो खूश होऊन म्हणाला, "रेल्वेत! मोठे असतील." मी मान हलवली. आजच्या फोटोत आम्ही दोघं आहोत, तो ताठ उभा आहे आणि मी पदर सारखा करते आहे.

अजून एक आहे, ते कोणालाच सांगितलं नाही, यांनाही नाही. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. सासूबाईंबरोबर आणि त्यांच्या नागपूरच्या नात्यातल्या दोन बायांबरोबर नर्मदास्नानाला होशंगाबादला निघालो होतो. गाडी पांढुर्ण्याला थांबली. तुम्ही खिडकीशी आलात. त्या बाया हातातल्या पाटल्या दाखवत बोलत होत्या, मी नवी सून, खिडकीला लागून बसलेली. तुम्ही मला पाहिलं, त्यांना पाहिलं. सासूबाई डोळे मिटून माळ ओढत होत्या, की मिटले होते, कोण जाणे. मी "बाबा" म्हणायला हवं होतं. तुम्ही एवढाच वेळ थांबलात, जेवढा कोणत्याही खिडकीशी थांबायचे, आणि म्हणालात, "बाई, चहा?" मी म्हटलं, "चार द्या." तुम्ही चार दिले. माझा कप तेवढा काठोकाठ होता.

तुम्ही मला वाचवलंत, हे मला तेव्हाच कळलं. तुम्ही वाचवलंत म्हणून मी आजवर वाचत राहिले, हे आत्ता कळून राहिलं आहे. नंतर माहेरी आले तेव्हा तुम्ही एका शब्दानं तो विषय काढला नाही, मीही नाही. मग तुम्ही गेलात.

लेकीला उत्तर लिहून ठेवलं आहे. "तुझे आजोबा रेल्वेत नव्हते. पांढुर्ण्याच्या फलाटावर चहा विकत, आणि त्यांच्यासारखा त्या फलाटावर कोणी विकत नव्हतं. मी जहाजावर खोटं सांगितलं, जावयांना सांग." पाकिटावर पत्ता घातला आहे, तिकिटं लावली आहेत, तोंड चिकटवलेलं नाही. सोमवारी हे पोस्टात जातील तेव्हा त्यांच्याजवळ देईन. तुमची काही हरकत असली तर त्याआधी उलटटपाली कळवा.