पाळण्याच्या फळीतलं भोक

६ फेब्रुवारी
भोक पडलं! रंधा मारता मारता फळीतली गाठ टुणकन उडाली. पाळण्याची डोक्याकडची फळी — नेमकी तीच! सुतारमामा म्हणाले, "डॉक्टरीणबाई, किडलेली दाढ समजा. भरा." खरंच की! दिवसभर लोकांचे दात भरते मी, लाकडाला काय घाबरायचं?

७ फेब्रुवारी
त्याच लाकडाचा भुसा, पिठासारखा चाळून, त्यात सरस. दाबून बसवला. मामा: "आता पेशंटला चूळ भरायला लावू नका!"

८ फेब्रुवारी
ताईचा फोन. दत्तक बाळाच्या यादीत तिचा नंबर वर सरकलाय. सहा वर्षांनी! पण लगेच दम — "आधीपासून काही आणायचं नाही हं. मागच्या वेळी खोली रंगवली आणि ऐनवेळी नाही म्हणाले. पुन्हा ते नको." मी आपलं हो गं, हो! बोटांना सरस चिकटलेला तसाच.

११ फेब्रुवारी
फजिती! तेल लावलं तर भोकाभोवती पांढुरका डाग. सरस पुसायचाच राहिला होता. तिथे लाकूड तेल पीतच नाही. रडकुंडीला आले. मामा म्हणाले, "काढा ते. ठिगळ लावू." भोक पटाशीने चौकोनी केलं, डागही तासून काढला, उरलेल्या फळीतून तेवढाच तुकडा कापला — रेषेला रेष जुळवून. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा असा चपखल बसला की मामांनाच सापडेना! चष्मा लावूनसुद्धा!

१२ फेब्रुवारी
हातोडी निसटली. कठड्यावर खळगा. ओलं फडकं, वर तापलेली इस्त्री — चर्र! — आणि दबलेलं लाकूड फुगून वर आलं. नाचायचीच बाकी होते.

१४ फेब्रुवारी
पकडली गेले. ताई थेट मामांच्या दुकानात. "दवाखान्यात कळलं, तू इथे पडीक असतेस." मग पाळणा दिसला तिला. आता बरसणार! पण तिने कठड्यावरून हात फिरवला. "इथे खरखरीत लागतंय गं. काचकागद दे."
दोघी घासत बसलो. तिने एकदाच डोळे पुसले. भुसा गेला म्हणाली.

१७ फेब्रुवारी
फोन आला. दोन आहेत! सख्ख्या बहिणी — एक पाच महिन्यांची, एक चार वर्षांची. द्यायच्या तर एकत्रच. ताई समोरच्याचं वाक्य संपायच्या आत हो म्हणाली.
मामांना कळवलं — पलंगापुरत्या फळ्या काढून ठेवा!