चहाडखोर डबी

रविवार, संध्याकाळ. आकुर्डी.

लेकीने सायकलच्या हँडलवर बसवून दिलेल्या कॉम्प्युटरने आज पुन्हा चहाडी केली. रावेतच्या पुलावर थांबून शाळेतली कविता म्हणत होतो. एक ओळ काही केल्या आठवेना. तेवढ्यात बंगळूरहून तिचा फोन. मी थांबलो की ही डबी तिला लगेच कळवते.

"बाबा, का थांबलात? दम लागलाय?"

"अगं, कविता अडलीय. कवितेत थांबावं लागतं, हे तुझ्या डबीला कोण सांगणार?"

"म्हणा बघू."

म्हटली. अडलेली ओळ तिनेच सांगितली, चालीसकट.

मी तिला ही कधी शिकवली? शिफ्टला जाताना दांडीवर बसवून शाळेत सोडायचो, तेव्हा आपला गुणगुणायचो. मला वाटायचं, ती पेंगतेय.