श्यामलाबाईंची उलटी दांडी

मुरुड,
सोमवार, दुपारी जेवणानंतर

प्रिय तुळशीराम,

रामराम. तू माझ्याहून तीन महिन्यांनी मोठा, म्हणून नमस्कार लिहावा, की मी एसटीचा कंट्रोलर आणि तू ड्रायव्हर म्हणून नुसतं ‘कळविण्यात येते की’ लिहावं, हे काही ठरेना, तेव्हा रामराम. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींची शुगर? म्हसळ्याला थंडी पडली का? आम्ही इथे खुशाल आहोत, म्हणजे तब्येतीनं. डोक्यानं मात्र मी गेला आठवडाभर गोंधळलेला आहे आणि ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय जिरणार नाही. फोनच केला असता, पण मागच्या खेपेला मी ‘कंट्रोलर दुरुस्त करतोय’ म्हणालो, तर तू ‘कोण, सातपुते? काय झालं त्याला?’ असं तीनदा विचारून फोन वहिनींकडे दिलास. (तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून तुझा डावा कान गेलाय. फोन उजव्या कानाला लाव, हे मी पूर्वीही सांगितलंय.) म्हणून हे पत्र.

तर आपल्याबरोबरच्या सातपुते कंट्रोलरला काही झालेलं नाही. हा कंट्रोलर वेगळा. गणपतीला रितेश ऐरोलीहून आला आणि चहा पिता पिता म्हणाला, ‘बाबा, जुने कंट्रोलर आता मिळत नाहीत, आणि मिळाले तरी चालत नाहीत.’ मला वाईट वाटलं. मी म्हटलं, ‘पेन्शनच्या दिवशी बँकेत ये, सहा-सात दाखवतो. दोघं काठी घेऊन चालतात, पण चालतात.’ त्यावर तो इतका हसला की चहा सांडला. मग त्यानं पिशवीतून टीव्ही गेमचं ते हातात धरायचं यंत्र काढलं. बटणं असलेलं, शेपटीसारखी वायर असलेलं. त्यालाही कंट्रोलर म्हणतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं. रितेशचे मित्र असली पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची यंत्रं जमवतात. नवी मिळतात, पण त्यांना जुनीच जिवंत करून हवी असतात. (का, ते विचारू नकोस. मी विचारलं होतं, उत्तर कळलं नाही.) स्टँडवरचा भोंगा मी स्वतः डाग देऊन चालू ठेवायचो हे तुला माहीतच आहे. घरात सोल्डरिंगची कांडी होती. यंत्र उघडलं, तर खाऱ्या हवेनं आतलं तांबं हिरवं पडलेलं, बटणांखालच्या रबरावर काजळी आणि कोपऱ्यात मुंग्यांचं जुनं बिऱ्हाड. स्पिरिट आणि कापूस घेऊन बसलो, दोन तासांत चालू. पंधरा दिवसांत कुरिअरनं आणखी सहा आली. मला जोर चढला. मी फळ्यावर खडूनं लिहून दारात टांगलं: ‘जुने कंट्रोलर दुरुस्त करून मिळतील.’ दुसऱ्या दिवशी सातपुतेच्या वहिनी बाजारातून येताना थांबल्या, दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, ‘आमच्यांना पाठवू का उद्या? जेवणावरून लय कटकट हाय.’ त्या हसल्या नाहीत. त्यांनी थट्टा केली की चौकशी, हे मला आजही सांगता येणार नाही. फळा मी काढून टाकला.

मिशीबद्दल तुझ्या कानावर (उजव्या) काही आलं असेल, तर तेही इथेच सांगून टाकतो. या यंत्रांचं प्लास्टिक वर्षानुवर्षांनी पिवळं पडतं. ते पांढरं करायचा उपाय म्हणजे केस ब्लीच करायची मलई चोपडायची, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची आणि उन्हात ठेवायचं. आता ही मलई मिळणार कुठे? नेत्राच्या पार्लरमध्ये. बाहेर चपला काढून आत गेलो (आत तीन बायका, तिघीही ओळखीच्या) आणि म्हटलं, ‘पंचवीस वर्षांचं पिवळं झालंय, पार पांढरं करायचंय. सगळ्यात कडक असेल ते द्या.’ नेत्रानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, ‘काका, हे दातांना चालत नाही हं.’ समजावून सांगायला गेलो तो आणखी घोटाळा झाला. शेवटी मलई मिळाली. ती लावता लावता नाक खाजवलं, नि संध्याकाळपर्यंत उजवी मिशी शेंगदाण्याच्या फोलपटासारखी. अर्धी मिशी घेऊन हिंडण्यापेक्षा मी ती उतरवली. तर सकाळी तिघं जण येऊन दारात उभे राहिले. मग त्यांतल्या एकानं खालच्या आवाजात विचारलं, ‘कोण गेलं?’ आमच्या हिनं आतून सांगितलं, ‘कोन न्हाय गेलं. यांची अक्कल गेली.’ तेव्हा तुझ्याकडे कोणी सुतकाची बातमी आणली असेल, तर ती खोटी आहे.

आता मुख्य गोष्ट. श्यामलाबाई तुला आठवत असतीलच. रेवदंड्याच्या शाळेत मराठी शिकवायच्या, सकाळची तुझी गाडी पकडायच्या, ड्रायव्हरच्या मागचीच जागा लागायची. तुला त्या कधी काही बोलल्या नाहीत, कारण तू फळ्यावर लिहायचा नाहीस. मी लिहायचो. बावीस वर्षं स्टँडवरच्या माझ्या फळ्यावरचा ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी छत्रीच्या टोकानं दाखवला. एकदा तर तक्रारवहीत लिहिलं, ‘गाडी वेळेवर आली, परंतु फळ्यावरील “प्रवाशी” हा शब्द अशुद्ध आहे.’ त्या बाईंना श्रावणात अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं महिन्याभरात परत आलं, पूर्वीइतकंच स्पष्ट. हात मात्र आला नाही. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. तो त्यांनी डाव्या हातानं खिडकीतून सुपारीच्या वाडीत फेकला. ‘मी काय तान्हं बाळ आहे?’ म्हणाल्या. डॉक्टर मुलीला, मधुवंतीला, सांगून गेले, की या काही महिन्यांत जेवढं परत येईल तेवढंच आपलं, पुढे कठीण. मधुवंती रजा काढून आलेली. बाई दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसायच्या आणि बोटं आखडत चालली होती.

दिवाळीनंतर मधुवंती माझ्याकडे एक काळी चौकोनी डबी घेऊन आली. मधोमध उभी दांडी आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात एक लाल बटण. बाईंच्या दिरांनी चाळीस वर्षांपूर्वी कुवेतहून आणलेला टीव्ही गेम. दीर-भावजय सुट्टीत तासन्‌तास खेळायची म्हणे. (बाई! टीव्ही गेम! मी मधुवंतीला दोनदा विचारून खात्री करून घेतली.) इतक्या दिवसांत आईनं आपण होऊन मागितलेली ही एकच गोष्ट, म्हणाली. मुख्य यंत्र चालत होतं, दांडी मेली होती. ‘काका, कराच,’ एवढंच बोलली आणि रडायला लागली.

मी ती उघडली. आत पत्र्याच्या बारीक टिकल्या असतात, दाबल्या की टिक्क वाजतात. त्यांतली एक गंजून गेलेली, ती बदलली. वायर सडलेली. प्रत्येक दिशेला एक वायर आणि खारटपणानं सगळ्यांचे रंग एकसारखे मातकट झालेले. म्हणून कोणती कुठे, ते आधी कागदावर काढून घेतलं, नवी वायर जोडली, मीटर लावला. चारही दिशांना आणि बटणाला बीप झालं. पाठवून दिली. दोन दिवसांनी मधुवंतीचा फोन आला, ‘काका, आई सकाळपासून खेळतेय, जेवायला उठत नाही.’ मी खूश. त्याच दिवशी टेबल आवरताना तो कागद सापडला आणि माझ्या लक्षात आलं, की जोडताना तो मी उलटा धरला होता. डावीची वायर उजवीला आणि उजवीची डावीला! म्हणजे रेवदंड्याची गाडी मी राजपुरीला धाडली होती. मला जेवण गेलं नाही. आजारी बाई, आणि मी त्यांना डावीकडे दाबलं की उजवीकडे जाणारी दांडी दिलेली! बिचाऱ्या संकोचानं बोलत नसतील, असं मला वाटलं. (बाई आणि संकोच! पण त्या वेळी डोकं ठिकाणावर नव्हतं.) तसाच गेलो. चुकीबद्दल काही बोललो नाही, ‘जरा सर्व्हिसिंग करून देतो’ म्हटलं, पडवीत बसून वायरी बदलल्या, टीव्हीला लावून पाहिलं. डावीला डावी, उजवीला उजवी. त्या खेळात खाली एक विमान असतं, ते फक्त या दोन बाजूंनाच सरकतं. बरोबर सरकलं. समाधानानं घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुवंतीनं चिठ्ठी आणून दिली. लाल शाई, डाव्या हाताची वेडीवाकडी अक्षरं. शब्दन् शब्द लिहितो: ‘श्री. धर्माजी, आपण दुरुस्त केलेले बिघडले आहे. बिघडलेले होते, तेच दुरुस्त होते. पूर्ववत करून द्यावे. सर्व्हिसिंगला मराठी शब्द आहे.’ मी चार वेळा वाचली. हिला वाचायला दिली. ही म्हणाली, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण बाई वाक्यात चूक करणार नाहीत, हे मी बावीस वर्षांच्या अनुभवानं सांगू शकत होतो.

गेलो. बाई खुर्चीत होत्या. ‘बसा आणि बघा,’ म्हणाल्या. त्यांनी डबी मांडीवर घेतली, ती चक्क उलटी. वायर पोटाकडे, लाल बटण खालच्या उजव्या कोपऱ्यात. डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून बटणावर ठेवला आणि डाव्यानंच दांडी धरली.

मी म्हटलं, ‘बाई, तुम्ही उलटं धरलंय.’

‘मला ठाऊक आहे. सरळ धरलं तर दांडी उजव्या हाताला येते, आणि हा हात दांडी हलवत नाही. फार तर अंगठा दाबतो. उलटं धरलं तरच त्याला काम मिळतं. पहिल्यांदा तुम्ही दिलीत, तेव्हा उलटी धरूनही विमान बरोबर जात होतं. मी मधूला म्हटलं, धर्माजींना माझ्या हाताचं कोणी सांगितलं? विचार करून केलेलं दिसतंय. आणि काल येऊन तुम्ही ते पुसून टाकलंत. का?’

तुळशीराम, मी काय सांगायला हवं होतं? खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, ते छत्रीच्या टोकासारखं नव्हतं. मग मी म्हणालो, ‘सरळ धरून जमतंय का, ते बघावं म्हटलं.’

‘नाही जमत,’ त्या म्हणाल्या. ‘आधीचंच करा.’

पडवीत बसून बरोबर असलेल्या वायरी मी मन लावून चुकीच्या जोडल्या. इतका वेळ मला कुठलीच दुरुस्ती करायला लागला नव्हता. दर डागाला हात आपोआप बरोबर बाजूला जायचा, तो ओढून आणावा लागे. मग आत बाई खेळायला लागल्या आणि ते टिक्क टिक्क ऐकू यायला लागलं. उजव्या अंगठ्याचं. आधी रेंगाळत, मग एकामागून एक. श्रावणात जो अंगठा हलत नव्हता, तो. फाटकापर्यंत मधुवंती पोचवायला आली आणि म्हणाली, ‘काका, काल आईनं उजव्या हातानं कप धरला. रिकामा होता, पण धरला.’ मी ‘बरं बरं’ म्हणालो आणि सायकल हातात धरून चालतच घरी आलो. सायकलवर बसायचं राहूनच गेलं.

आता माझा घोटाळा असा, की मी चुकलो तेव्हा बरोबर होतो, बरोबर केलं तेव्हा चुकलो, आणि जे मी केलंच नाही त्या हुशारीबद्दल बाई मला मान देतात. खरं सांगावं का? सांगितलं आणि त्यांनी रागानं डबीही खिडकीतून फेकली तर? हिला विचारलं, तर म्हणाली, ‘गप ऱ्हावा. येवढं तरी जमंल ना?’ तुझं मत काय, ते कळव. वहिनींना नमस्कार, परेशला आशीर्वाद. गुडघ्यांना ऊन दाखवत जा.

तुझा,
धर्माजी

ता. क. सर्व्हिसिंगला मराठी शब्द कोणता, ते ठाऊक असल्यास लिही. बाई विचारणार.

आणखी ता. क. मताचं राहू दे, सवडीनं कळव. पत्राचं खरं कारण असं, की त्या यंत्राला दोन दांड्या लागतात आणि दुसरीही मी चालू करून दिली आहे. काल बाईंचा निरोप आला: ‘एकटीनं कंटाळा येतो. रविवारी चार वाजता यावे, जोडीने खेळू. आपण यातले जाणकार आहात.’ मी हो म्हणून बसलोय. तुळशीराम, मी आजवर एकतीस कंट्रोलर दुरुस्त केले, पण गेम एकदाही खेळलेलो नाही. मीटर बीप बोलला की माझं काम झालं. तुझा परेश शाळेत असताना हा खेळ खेळायचा, त्याला नीट विचार आणि शनिवारच्या आत मुरुडच्या गाडीबरोबर उत्तर पाठव. त्या दिवशी टीव्हीवर तपासताना वरून रांगेनं बरीच मंडळी उतरत होती. मी विमान बाजूला घेऊन त्यांना वाट दिली, तर खेळच संपला. तेव्हा एवढंच विचार: ती मंडळी आपल्यावर चालून आलेली असतात, की त्यांना सुखरूप उतरवून घ्यायचं असतं?